वर्गात झोपायचं नाही

१ जुलै २०२४, सोमवार

शाळा सुरू. दुसरीचा वर्ग यंदाही माझ्याकडे. पट सत्तावीस. त्यातली एक आमची अर्पिता. बाप आणि वर्गशिक्षक एकच, असा योग धामणगाव बढ्याच्या शाळेत पहिल्यांदाच आला असावा. चौकशी केलेली नाही, पण असणारच.

यंदाचे संकल्प : एक, तालुक्याचा उत्कृष्ट वर्ग पुरस्कार आणायचा. सव्वीस जानेवारीला मोताळ्याला देतात. गेली चार वर्षं तो चुकून दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. दोन, वर्गात डिसिप्लिन. जांभईसुद्धा चालणार नाही. तीन, ही रोजनिशी रोज लिहायची.

अर्पिता पहिल्याच तासाला झोपली. सुट्टीची सवय. आठवड्यात जाईल.

४ जुलै, गुरुवार

तिसरा संकल्प जरा लवचीक ठेवला आहे. रोज लिहिण्यासारखं रोज घडत नाही.

आज पाढ्यांच्या वेळी अर्पिता पुन्हा झोपली. बाकीचे पाढे म्हणत होते, ही भिंतीला टेकलेली, तोंड उघडं. उभं केलं. नियम सगळ्यांना सारखे, सरांच्या मुलीला थोडे जास्तच. मधल्या सुट्टीपर्यंत उभी होती. एकदा उभ्या-उभ्या डुलली, पण पडली नाही. म्हणजे ठरवलं तर जमतं.

घरी विचारलं, वर्गात का झोपतेस? म्हणाली, "मी नाही झोपत बाबा. मले झोप लागून जाते."

जेवताना पूनम म्हणाली, "अहो, पोरीचा श्वास थांबते झोपेत. मी मोजून राह्यली. दहा होतात, बारा होतात, तरी घेत नाही. मंग एकदम दचकून घेते."

तिला सांगितलं, श्वास थांबतो. श्वास पुल्लिंगी आहे. शिक्षकाच्या घरात असली भाषा मुलीच्या कानावर पडू नये.

७ जुलै, रविवार

पूनमचं तेच. डॉक्टरला दाखवू, डॉक्टरला दाखवू. शेवटी आईला विचारलं. आई सत्तर वर्षांची आहे आणि आजवर एकदाही दवाखान्यात गेलेली नाही, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे. आई म्हणाली, "घोरणं तं आपल्या घरचंच हाय. तुह्या बापाचं घोरणं आयकून गोठ्यातला बैल दावं तोडे."

बाबा त्रेपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. कोणाला काही त्रास नाही.

निष्कर्ष : घोरणं म्हणजे गाढ झोप. गाढ झोप म्हणजे आरोग्य. विषय संपला.

९ जुलै, मंगळवार

दोष सापडला. पोरगी नऊ-नऊ, दहा-दहा तास झोपते. झोप जास्त होते म्हणूनच झोप येते. टाइमटेबल केलं, कार्डशीटवर, तीन रंगांत. पाचला उठणे. सव्वापाचला मैदानाला दोन फेऱ्या. नंतर गार पाण्याने आंघोळ. सहाला प्रकट वाचन. उद्यापासून.

१० जुलै, बुधवार

मला साडेसातला जाग आली. मोबाइलचा अलार्म बिघडला आहे. पूनम म्हणते, अर्पिता साडेचारपासून उशीला टेकून बसूनच होती, आडवी झाली की कोंडतं म्हणे. मी मनात म्हटलं, उत्साह आहे पोरीत.

१२ जुलै, शुक्रवार

टाइमटेबल सुरू झालं! अर्पिता अर्धी फेरी धावली आणि खाली बसली. स्टॅमिना नाही. ओठ जांभळट दिसले. कुठेतरी जांभळं खाल्ली असणार. विचारलं तर नाही म्हणाली. खोटं बोलल्याबद्दल वेगळं रागावलो.

गार पाण्याच्या बाबतीत पूनम आडवी आली. पाणी कोमट ठेवू, बाकी तत्त्व तेच.

२८ जुलै, रविवार

पूनमचा भ्रम शास्त्रीय पद्धतीने दूर करायचं ठरवलं. काल अर्पिताच्या उशाशी वही, पेन, घड्याळ घेऊन बसलो. रात्रभर जागून नोंदी करायच्या.

नोंदी पुढीलप्रमाणे. १०.०५ : श्वास नियमित. १०.१० : श्वास नियमित.

त्यानंतरच्या नोंदी पूनमच्या अक्षरात आहेत. २.४० थांबला. २.४३ थांबला. २.४४ थांबला. २.४९ थांबला, हलवून उठवलं. असं दीड पान. मी तिथेच खुर्चीत होतो असं ती म्हणते. असेन. पण नोंदी कोणी घ्यायच्या याला काही पद्धत असते. एकाच प्रयोगात दोघांचं अक्षर आलं की तो प्रयोग बाद.

तिने मोबाइलवर व्हिडिओही काढला आहे. पाहिला. आधी घोरण्याचा आवाज, मग चौदा सेकंद आवाजच नाही, मग पुन्हा जोरात. छाती मात्र आत ओढली जाताना दिसते. मोबाइलचा माइक गेलेला आहे. अलार्मही त्यानेच बिघडला असणार.

१५ ऑगस्ट, गुरुवार

अर्पिताचं भाषण. पंधरा दिवस तयारी करून घेतली. तिचे अनुनासिक वर्ण कच्चे आहेत. 'माझे नाव' म्हण म्हटलं की 'बाझे दाव' म्हणते. सर्दी नसतानाही. रोज संध्याकाळी पन्नास वेळा म-म-म आणि पन्नास वेळा न-न-न म्हणवून घेतलं. शेवटी शेवटी रडत म्हणायची, पण रडतानाही 'ब'च.

आज माइकसमोर उभी राहिली. "बाझे दाव अर्पिता" म्हणाली आणि पोरं हसली. पुढचं विसरली. वाक्यावाक्याला धाप लागत होती. स्टेज फिअर.

रात्री आई म्हणाली, "लेकराले काऊन पिडून राह्यला बे?" आईला भाषाशास्त्र समजत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस लिहू नये असा आहे. थोडक्यात लिहितो.

पुरस्काराची पाहणी करायला समिती आली. तीन जण. वर्ग सजवलेला, सव्वीस मुलं ताठ. अर्पिता सतरंजीवर झोपलेली. मी एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसरी हाक मारली तेव्हा ती दचकून उठली आणि सतरंजी ओली झालेली सगळ्यांनी पाहिली.

मी रागावलो. जोरात. समितीसमोर. शिक्षक म्हणून पक्षपात केला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असेल अशी आशा आहे.

तिसरीच्या महेजबीन मॅडम शेजारच्या वर्गातून आल्या, तिला कडेवर घेऊन गेल्या. सात वर्षांच्या मुलीला कडेवर! तिचं वजन तेवढंच आहे म्हणा. सुट्टीत मला म्हणाल्या, "गोकुळ सर, बुरा मानू नका. माझ्या नणंदेचा बिलाल अगदी असाच होता. रात्री घोरायचा, दिवसा झोपायचा, कपडे ओले करायचा. नाकाच्या मागे गाठ वाढलेली होती. ऑपरेशन केलं, आता झाडावर चढतो. खामगावला यास्मीन डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा."

मी आभार मानले. यंदा त्यांच्या वर्गाचाही प्रस्ताव गेलेला आहे, हे मी विसरलेलो नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काल पूनमने न विचारताच पिशवी भरली. म्हणाली, "तुम्ही या, नाही तं नका येऊ. मी पोरीले घेऊन खामगावले चालली." आईही तिच्याच बाजूने. रजा टाकली आणि सोबत गेलो. कोणीतरी जबाबदार माणूस हवा.

बसमध्ये अर्पिता नांदुऱ्यापर्यंत माझ्या दंडाला टेकून झोपली होती. तिचं घोरणं ऐकून पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून माझ्याकडे बघत होता.

डॉ. यास्मीन वयाने लहान वाटल्या. तोंडात बॅटरी मारली, एक्स-रे काढला. म्हणाल्या, टॉन्सिल एकमेकांना टेकलेत आणि नाकामागची गाठ इतकी वाढली आहे की हवेला वाट उरली नाही. जागेपणी तोंडाने भागतं. झोपेत घसा सैल पडतो आणि श्वास बंद होतो. मेंदू तिला उठवतो, तेव्हा ती घेते. रात्रीतून शंभर-दीडशे वेळा.

कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, जुलैपासून. पूनम म्हणाली, "तीन वर्षांची होती तेव्हापासून." डॉक्टरांनी पूनमचं लिहून घेतलं.

मी टाइमटेबलबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहाटे उठवून पळवता?" म्हणाल्या. "सर, ही मुलगी आळशी नाही. रात्रभर ती श्वास घ्यायचं काम करते. तुम्ही झोपता, तेव्हा ही राबत असते."

अर्पिता स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली.

ऑपरेशन करायचं. साधं असतं, एका दिवसाचं. दिवाळीनंतर एकोणीस नोव्हेंबर. त्याआधी हृदयाचा एको करून आणा म्हणाल्या. घशाच्या दुखण्याला हृदय कशाला? चिठ्ठी या वहीत ठेवली आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

टाइमटेबल भिंतीवरून काढलं. ते तसंही फाटलंच होतं.

आज अर्पिता वर्गात झोपली तेव्हा उभं केलं नाही. पण ती स्वतःच उठून उभी राहिली. सवय चांगली लागली आहे, एवढं मात्र खरं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

निवडणुकीची ड्युटी आली. एकोणीस आणि वीस. एकोणीसलाच ऑपरेशन! देशाचं काम आहे, माझा नाइलाज. पूनम म्हणाली, तुम्ही ड्युटी करा, मी आणि माझा भाऊ अविनाश नेतो पोरीला. पण बापाच्या सहीशिवाय भूल देणं बरं दिसत नाही. शिवाय मी इंटरनेटवर वाचलं, ही गाठ वय वाढलं की आपोआप आटते. बारा-तेराव्या वर्षी. फक्त पाच वर्षं काढायची.

दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. कोणती तारीख देऊ, असं रिसेप्शनवरच्या बाई विचारत होत्या. कळवतो म्हटलं.

पूनमला सांगितलं, दवाखान्यातच गर्दी आहे. उगाच तिच्या डोक्याला त्रास नको.

२ डिसेंबर, सोमवार

मधल्या काळात जलनेती सुरू केली. एका नाकपुडीतून कोमट पाणी घालायचं, दुसरीतून बाहेर येतं. अर्पिताच्या बाबतीत बाहेर येत नाही. आतच राहतं, मग ती घुसमटते. तंत्र चुकतंय. तिचं.

६ डिसेंबर, शुक्रवार

जलनेती तूर्त स्थगित. पूनमने तोटीचं भांडं विहिरीत टाकलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

सुधारणा आहे! आज वर्गात फक्त दोनदा झोपली. (अडीच तासच होती. नंतर डोकं दुखतं म्हणून महेजबीन मॅडमनी घरी सोडलं.) सकाळी डोकं रोजच दुखतं. अभ्यासाचा ताण.

पूनम आता तिला खांद्यावर डोकं ठेवून, बसवूनच झोपवते. स्वतः भिंतीला टेकून. दोघींचे डोळे सारखेच सुजलेले असतात. काल पूनमने विचारलं, "डॉक्टरची तारीख आली काय हो?" म्हटलं, येईल. म्हणाली, "मी फोन करू?" म्हटलं, मी केलाय. करणार होतोच.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

पत्र आलं. उत्कृष्ट वर्ग पुरस्कार, मोताळा तालुका : मी!!

चार वर्षांची तपश्चर्या. महेजबीन मॅडमनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. मनाने चांगल्या आहेत. मग हळूच विचारलं, "अर्पिताची तारीख कधीची घेतली सर?" म्हटलं, पुरस्कार झाला की सत्तावीसला स्वतः खामगावला जातो. आणि हे मी मनापासून म्हटलं. इथे लिहून ठेवतो. सत्तावीस जानेवारी. पक्कं.

२४ जानेवारी, शुक्रवार

थंडी वाढली. अर्पिताला सर्दी-ताप. श्वास ओढताना गळ्याखाली खड्डा पडतो. पाय जरा सुजलेले वाटले. अंगावर मांस चढतंय की काय. पूनम म्हणाली, आत्ताच जाऊ. म्हटलं, दोनच दिवस.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन उरकून, इस्त्रीचे कपडे घालून निघालो. दारात पूनम म्हणाली, "आज नका जाऊ. पोरगी नीट जागी नाही होऊन राह्यली."

म्हटलं, झोपू दे, आज सुट्टी आहे. (मी झोपेच्या विरुद्ध नाही, याची नोंद असावी.)

कार्यक्रमात मोबाइल सायलेंट ठेवला. शाल, श्रीफळ, टाळ्या. दोन मिनिटं बोललो. 'जागा विद्यार्थी, जागं राष्ट्र' असा विषय घेतला. खाली उतरून पाहिलं तर अकरा मिस्ड कॉल. पूनमचे दहा आणि महेजबीन मॅडमचा एक. पूनमचा आवाजी मेसेज होता : "अहो उचला ना. पोरगी उठून नाही राह्यली. हलवली तरी उठत नाही. ओठ काळे पडले. मी काय करू, सांगा ना."

पावणेअकराचा मेसेज. मी तेव्हा बोलत होतो.

महेजबीन मॅडमचे मिस्टर अकीलभाई यांनी जीप काढून दोघींना खामगावला नेलं होतं. मी मोताळ्याहून बस धरली. शाल खांद्यावरच राहिली होती, नारळ हातात. एका म्हाताऱ्याने उठून मला जागा दिली.

दवाखान्यात अर्पिता ऑक्सिजनवर. हातापायाला टोचलेलं. इतकी लहान दिसत होती की आधी पुढच्या पलंगाकडे गेलो. मी ओरडलो, "काय झालं माह्या पोरीले?" प्रमाणभाषा सुचली नाही.

डॉ. यास्मीन यांनी शालीकडे पाहिलं. मग विचारलं, "एको केला होता का?"

चिठ्ठी या वहीत आहे. मला जागा माहीत होती. मी म्हटलं, शोधावी लागेल.

२९ जानेवारी, बुधवार

शुद्धीवर आहे. दोन घास भात खाल्ला.

एको झाला. इतकी वर्षं हवा कमी पडल्यामुळे फुप्फुसातला दाब वाढला आणि हृदयाची उजवी बाजू फुगली आहे. इथे भूल देता येणार नाही. नागपूरला न्यायचं. डॉ. यास्मीन म्हणाल्या, नोव्हेंबरमध्ये तुम्ही तारीख रद्द केलीत, त्यानंतर आमच्या रिसेप्शनवरून तुम्हाला तीनदा फोन केला होता.

हे त्या पूनमसमोर म्हणाल्या.

पूनम अर्पिताचे पाय दाबत राहिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. नागपूर

नांदुऱ्याहून रेल्वेने आलो. अविनाश सोबत आहे. कागदपत्रं, फाइल, सगळं त्याच्याकडे असतं. पूनमने दिली. मला विश्रांती मिळावी म्हणून असेल.

इथले मोठे डॉक्टर म्हणाले, आधी औषधांनी आणि रात्री मास्कच्या मशीनने दाब कमी करून बघायचा. झाला तर ऑपरेशन. नाही झाला तर बघू. हृदय पूर्वीसारखं होईल का, असं पूनमने विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ऑक्टोबरातल्या एकोच्या चिठ्ठीबद्दलही काही म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही, पंख्याचा आवाज होता. पूनमला ऐकू आलं.

संकल्प केलेला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. नागपूर, दुपारी ३.१०

आज झोपेची तपासणी. मास्कला हवा किती लागेल ते ठरवायला. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावल्या. पडदे ओढलेली खोली, पलंग, आणि काम एकच : झोपायचं. मनात म्हटलं, या पेपरात तरी आमची पोरगी पहिली येईल.

दोन वाजता दिवा मालवला. मी कोपऱ्यात खुर्चीवर. अर्पिता जागी. सव्वादोन, जागी. अडीच, जागी. डोळे मिटायला लागले की मान झटकायची. मग पाहिलं, चादरीखाली स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होती.

वायरी लावणाऱ्या डिंपल मॅडम आत आल्या. "बेटा, झोप न. इथं कोणी रागावत नाही."

अर्पिताने पूनमला खाली वाकायला लावलं, कानात काहीतरी सांगितलं. पूनमने माझ्याकडे न पाहता म्हटलं, "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"काऊन?"

"पोरगी म्हणते, सर गेल्यावर झोपतो."

बाहेर आलो. दार आपोआप लागलं.

सात मिनिटांत झोपली, असं डिंपल मॅडम सांगून गेल्या. तपासणी चारपर्यंत चालेल. तोवर मी इथे बाकावर आहे. आत येऊ का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नको.